मागून येणाऱ्यासाठी दोरी

तिसरा मजला

धूर नेमका मावशीच्या खोलीशेजारी निघाला. दुसरीकडे कुठे निघाला असता तरी काम नापासच झालं असतं, पण मग वहिनीला ते इतकं लागलं नसतं.

आग नव्हती. आगीची तालीम होती. तळघरातल्या विजेच्या खोलीत यंत्राने पांढरा, निरुपद्रवी धूर भरला होता, मोठा पंखा त्याला मागून रेटत होता, आणि तपासणीवाल्या बाई हातात बॅटरी घेऊन मजल्यामजल्यावर बघत होत्या, की तो कुठे डोकं वर काढतो का. काढायला नको होतं. कोणी विचारलं असतं तर वहिनीने पैज लावली असती.

शाफ्टचं अरुंद दार उघडलं आणि तो समोर. सुईत ओवता येईल इतका बारीक, पण सरळ आणि निर्लज्ज.

शाफ्ट म्हणजे इमारतीच्या पोटातला उभा बोगदा. तळघरातून निघालेल्या जाडजूड केबली पत्र्याच्या ट्रेवर ओळीने बांधलेल्या असतात, आणि तो ट्रे या बोगद्यातून शिडीसारखा वर चढतो. वाटेत प्रत्येक मजल्याचा स्लॅब लागतो. ट्रे जावा म्हणून स्लॅबला भोक ठेवलेलं असतं. ट्रे बसवणं आणि त्याच्याभोवतीचं भोक आगीला आणि धुराला पार करता येणार नाही असं बुजवणं, हे दोन्ही वहिनीच्या टोळीचं काम. साइटवर गवंड्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. खरी वहिनी ती एकाचीच होती, तो दीर आत्ता तिच्या मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता.

इमारत वयस्कर माणसांसाठी होती. तिथे राहायला येणाऱ्या बऱ्याच जणांना जिना उतरता येणार नव्हता, आणि आगीत लिफ्ट बंद होते. अशा वेळी त्यांनी खोलीचं दार लावून आत थांबायचं, कोणीतरी न्यायला येईपर्यंत. म्हणजे तोवर भिंतींनी आणि जमिनीने दम धरायला हवा.

मावशीने तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मागून घेतली होती, कारण खिडकीतून चौक दिसतो. आईमागे वहिनीला तिनेच वाढवलं होतं. आता ती चाकाच्या खुर्चीत असे, आणि वहिनीच्या घरातल्या बाथरूमचं दार त्या खुर्चीहून चार बोटं अरुंद होतं. त्या चार बोटांपायी रोज सकाळी दोघींची जी ओढाताण व्हायची, तिच्याबद्दल दोघी कधी बोलत नसत. तपासणी पास झाली की मावशी इथे येणार होती. तिचं सामान केव्हाच बांधून झालं होतं.

वहिनीने बॅटरी तोंडात धरली आणि ट्रेच्या मागे हात घातला. तिने बुजवलेलं जसंच्या तसं होतं. न जळणाऱ्या दगडी लोकरीची पाटी, तिच्यावर पांढरा लेप, कुठे तडा नाही. फक्त अगदी मागे, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे करंगळीहून बारीक प्लास्टिकची नळी. नळीत दोरी. दोरीचं वरचं टोक ट्रेच्या कडेला बांधलेलं. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं.

तिच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी अशीच बांधलेली होती. लग्नात आलेली ट्रंकसुद्धा.

"कोणाची दोरी?" तपासणीवाल्या बाईंनी विचारलं.

"आमचीच."

"आमची म्हणजे?"

"माझी. काम माझं आहे."

दीर खाकरला. वहिनीने मागे न बघता त्याच्या पायावर पाय ठेवला.

दुसरा मजला

तीच दोरी.

पहिला मजला

तीच. इथे मात्र नळी तिरकी गेली होती. वाकून काम करताना नवऱ्याच्या पाठीत कळ आली असणार. वहिनीला राग आला होता, आणि तो इथे जरा अडखळला.

तळघर

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही हो वहिनी. शपथ."

"मग पायाखाली काय बघत होता?"

"गाठ ओळखली मी. दार उघडलं तेव्हाच बाईंच्या बॅटरीच्या उजेडात दिसली."

"नळी कुठून आली?"

"पेटीत तुकडे असतात की आपल्या. वहिनी, त्या दिवशी लेप ओला होता. आपण दोघं गच्चीवरच्या ट्रेचे आधार ठोकायला गेलो. दादा डबा घेऊन आला होता. तुम्हीच म्हणालात त्याला, इथे बसा, लक्ष ठेवा, कोणी हात लावायला नको."

"म्हणाले मी."

"दुपारभर बसला होता तो. रंगाऱ्याला फिरकू दिलं नाही. गवंड्याशी भांडला."

वहिनी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. हसू येत होतं, तेही धड नाही. कोणी हात लावू नये म्हणून बसवलेला माणूस लिफ्टने मजल्यामजल्याला जाऊन ओल्या लेपात नळ्या खोचत होता, आणि त्याच्या लेखी कोणीच हात लावला नव्हता.

तपासणीवाल्या बाई खाली आल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्यांचं ऐकावंच लागे. "सगळं काढून नीट करा. या आठवड्यात पुन्हा बघते. तेव्हाही धूर निघाला, तर मी इथे कोणाला राहायला येऊ देणार नाही. इमारत बंद ठेवेन."

"बरोबर आहे तुमचं," वहिनी म्हणाली.

भोक

स्लॅबमधलं भोक कोणाचंच नसतं. गवंडी म्हणतो, मी केबलवाल्यासाठी ठेवलं. केबलवाला म्हणतो, माझी केबल गेली, उरलेलं गवंड्याने बघावं. मग रंगारी येतो, कोणीतरी कोंबलेल्या सिमेंटच्या पिशवीवरून पुट्टी फिरवतो, आणि भोक दिसेनासं होतं. दिसत नाही म्हणजे बुजलं, असं सगळे धरून चालतात. धूर तसं धरत नाही.

हे वहिनीला लेपाच्या कंपनीने भरवलेल्या वर्गात कळलं. तोवर तीही पिशव्याच कोंबत होती.

उस्ताद

तिचा नवरा केबल ओढणाऱ्यांतला उस्ताद, आणि सगळे त्याला हाकही तशीच मारत. वळणावर केबल किती वाकवली तर सोसते, हे त्याला हातात धरून कळे. कापलेल्या ट्रेची कड कानशीने घासल्याशिवाय तो पुढे जात नसे. म्हणे, केबलची साल ओरखडली तर ती आज बोलत नाही, दहा वर्षांनी बोलते. एकदा परांचीवरून पडला. बेल्ट कमरेला होता, हूक कुठेच अडकवलेला नव्हता. पाठ जोडली गेली, पण तिने वजन उचलायला कायमचा नकार दिला. तेव्हापासून टोळी वहिनी चालवते, आणि कोणीही वर चढण्याआधी त्याचा हूक स्वतः ओढून बघते. दिराचा तर दोनदा.

दोरीची गोष्ट त्याच्याही आधीची. तरुणपणी एका कारखान्यात उस्तादच्या टोळीला लांबच लांब ट्रेमधून केबल न्यायची होती. वर चढून बघतात तर आधीच्या कोणा टोळीने ट्रेमध्ये दोरी टाकून ठेवलेली. केबल बांधली, ओढली, संध्याकाळपर्यंतचं काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं. दोरी ठेवणाऱ्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून उस्तादने एकही ट्रे दोरीविना सोडला नाही. ज्याची आपली कधी गाठ पडायची नाही, अशा माणसासाठी काहीतरी ठेवून जायचं. याखेरीज दुसरी चैन त्याने केल्याचं कोणाला आठवत नाही.

आणि पाठ गेल्यानंतर तर त्याला ठेवण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

घर

"दोरी तुम्ही टाकलीत?"

"दिसली का?" उस्ताद खुश झाला. "ओढून बघितलीस? नळीत घातली आहे म्हणून खेळती आहे. अडकायची नाही."

"धूर आला तिच्यातून."

"कुठला धूर?"

"तपासणीचा. तिसऱ्यापर्यंत. मावशीच्या खोलीला लागून."

"त्या नळीत बोट जात नाही अगं."

"धुराला कशाला बोटं हवीत?"

"मी दुपारभर बसलो होतो तिथे. कोणाला हात लावू दिला नाही."

"तुम्ही लावलात."

"मी म्हणजे कोणी का?"

आतून मावशीचा आवाज आला, "काय झालं गं?"

"काही नाही मावशी."

"तू काही नाही म्हणालीस की नक्की काहीतरी असतं. मला ऐकायला कमी येतं, कळायला नाही."

वहिनी आत गेली आणि तिला सगळं सांगून टाकलं. मावशीने बांधलेल्या सामानाकडे बघितलं, मग दाराबाहेर मान खाली घालून बसलेल्या जावयाकडे. "जावईबापू," ती मोठ्याने म्हणाली, "मला घरातून घालवायचं नव्हतं तर सरळ सांगायचं. एवढ्या मजल्यांची भोकं कशाला पाडायची?"

उस्ताद हसला नाही. एरवी तिच्या टोमण्याला त्याचा टोमणा ठरलेला. तो उठून मागच्या अंगणात गेला, आणि मावशीने वहिनीला कोपराने ढोसलं. "जा. मी चुकीचं बोलले वाटतं."

अंगणात तो पाठ भिंतीला टेकून उभा होता.

"तुझा तो लेप मला कळत नाही," तो म्हणाला. "मलमपट्टीसारखा दिसतो. आमच्या वेळी नव्हता. पण तू म्हणतेस तर असेल. मला डोळ्यांनी दाखव."

अंगण

दुसऱ्या दिवशी सकाळी दिराने जुना लोखंडी ड्रम आणला. वहिनीने त्यावर झाकणासारखी दगडी लोकरीची उरलेली पाटी बसवली. पाटीला दोन भोकं, दोन्हींतून केबलचा एकेक तुकडा, दोन्ही लेपाने बुजवलेली. एकात उस्तादची नळी आणि उस्तादची दोरी. शेजारी पाण्याच्या बादल्या, वाळूचं घमेलं. मावशीला वारा येतो त्या अंगाला खुर्चीत बसवलं, तोंडाला ओला रुमाल. तिने हट्टच धरला होता. जळायचं कोणाला आहे, मला, मग बघायचं कोणी, असं तिचं म्हणणं.

ड्रममध्ये लाकडं पेटली.

बराच वेळ काही झालं नाही. उस्तादच्या चेहऱ्यावर जरा आशा दिसू लागली, आणि ती बघून वहिनीला वाटलं, उगाच केलं हे सगळं.

मग नळी वाकली. दमलेल्या माणसाने मान टाकावी तशी. तिच्या तोंडातून काळा धूर आला, दोरी आक्रसली, थेंब थेंब गळून आत पडली, आणि जिथे बोट जात नव्हतं तिथून हातभर जीभ बाहेर आली, पिवळी, चटचट आवाज करणारी.

शेजारचा लेप तापून फुगला होता. फुगून केबलला आणखी घट्ट आवळून बसला होता. त्याच्या वरच्या अंगाला वहिनीने ठेवलेला कागदाचा तुकडा अजून पांढरा होता.

दिराने वाळू ओतली. उस्ताद पुढे येऊन त्या जळक्या भोकाकडे बघत राहिला. मग मावशीकडे वळला, आणि लगेच नजर काढून घेतली.

माफी मागणं हा त्याचा प्रांत नव्हता. वहिनीला ते माहीत होतं, ती वाटही बघत नव्हती. तो जे बोलला ते मात्र तिला अपेक्षित नव्हतं.

"मग मागून येणाऱ्याने काय करायचं?"

"कोणी?"

"येणारच की कोणीतरी. आज नर्सच्या घंटीची तार, उद्या कॅमेऱ्याची. इमारत उभी आहे तोवर केबलवाले येत राहणार. तू तर सगळं असं लिंपलं आहेस की पुन्हा कोणी येणारच नाही. तो आला की बघेल, वाट नाही. मग काय करेल?"

वहिनीने रिकामं घमेलं उचलून बाजूला ठेवलं.

"सांग ना. काय करेल?"

"छिन्नी मारेल," ती म्हणाली.

"आणि तार गेल्यावर?"

"पिशवी कोंबेल."

"मीच कोंबली असती," उस्ताद म्हणाला.

वहिनीने ड्रमकडे बघितलं. तिच्या लेपाकडे, जो इतका सुंदर फुगला होता. असे लेप तिने दुसऱ्यांच्या कामांत फोडलेले पाहिले होते, पाहून हळहळली होती, फोडणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. त्यांच्यासाठी दार ठेवावं हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि दार ठेवायची सोय होती. त्याच कंपनीच्या खोक्यात लोखंडी नळकांडी येत. दोन्ही तोंडांना आगरोधक बूच. तार घालायची तेव्हा बूच काढायचं, घातली की पुन्हा दाबायचं.

"नकाशात नव्हती," ती पुटपुटली.

"काय?"

"नळकांडी. नकाशात नव्हती म्हणून मी बसवली नाहीत."

"नकाशात माझी दोरीही नव्हती," उस्ताद म्हणाला, आणि आता मात्र त्याला हसू आलं.

मावशीने तोंडावरचा रुमाल खाली केला. "तुम्हा दोघांचं जुळलं असेल तर मला आत न्या. भाजलेल्या प्लास्टिकचा वास नाकात बसला आहे."

फोन

तपासणीवाल्या बाई: घरी बनवलेलं चालणार नाही.

वहिनी: कंपनीचंच आहे. चाचणी झालेलं. याच स्लॅबच्या जाडीसाठी.

बाई: रिकाम्या नळकांड्यालासुद्धा दोन्हीकडून बूच.

वहिनी: हो.

बाई: आणि दोरी?

वहिनी: (उस्तादकडे बघून) दोरी शाफ्टमध्ये राहणार नाही.

बाई: ही कल्पना कोणाची?

वहिनी: ज्यांनी भोक पाडलं त्यांची.

बाई: मग त्यांना घेऊनच या.

तळघर, मग पहिला, मग दुसरा

आता खालून वर.

वहिनी आणि दीर नळ्या काढत गेले, भोवतीचा लेप खरवडून साफ करत गेले, नळकांडी बसवून नव्याने लिंपत गेले. उस्ताद प्रत्येक मजल्यावर स्टुलावर बसून दोन्हीकडची बुचं दाबून बघे. हे काम पाठीचं नव्हतं, बोटांचं होतं, आणि बोटं त्याची तीच होती. एक बूच त्याला सैल वाटलं. दीर म्हणाला, "दादा, बसलंय." उस्तादने ते काढून उजेडात धरलं. कडेला वाळूचा कण होता.

"लक्ष ठेवा," गच्चीवर जाताना वहिनी त्याला म्हणाली. "कोणी हात लावायला नको."

"मी धरून?"

"तुम्ही धरून."

तो हात मांडीखाली घेऊन बसला, तिला दिसेल असा.

तिसरा मजला

दुसऱ्या तालमीच्या दिवशी मावशीने मागणी केली की ती आपल्या खोलीतच बसणार. तपासणीवाल्या बाई नाही म्हणाल्या. मावशी म्हणाली, तुमचं यंत्र कालचं आहे, माझं नाक या शहराहून जुनं आहे. बाईंनी खोलीचं दार स्वतः लावलं.

खाली पंखा सुरू झाला. त्याची घरघर भिंतीतून पायांना लागत होती. वहिनी शाफ्टच्या दाराशी उभी, दीर तिच्या मागे, उस्ताद स्टुलावर. बाईंनी बॅटरी ट्रेच्या मागे धरली. हळूहळू फिरवली. नळकांड्याच्या बुचावर थांबवली आणि तिथेच ठेवली.

वहिनी बुचाकडे बघत नव्हती. ती मावशीच्या दाराकडे बघत होती. दाराखालच्या फटीत खुर्चीच्या चाकाची सावली होती, आणि ती सावली हलली असती तर वहिनी धावली असती.

"काय वास येतो, आजी?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

आतून जोरात हुंगल्याचा आवाज आला.

"रंगाचा," मावशी म्हणाली. "नवा आहे. आणि चौकात कोणीतरी गाडी उलटी घेतोय, त्याला जमत नाहीये."

बाईंनी बॅटरी बंद केली. मग उस्तादने हातात गुंडाळून धरलेल्या नव्या दोरीकडे बघितलं. "ही इथे नाही ठेवायची."

"नाही," उस्ताद म्हणाला. "खाली पहारेकऱ्याकडे देतो. केबलवाला आला तर त्याने मागून घ्यायची. काम झालं की परत."

"तो परत देईल?"

उस्तादने खांदे उडवले. "आम्ही माणूस ओळखून दोरी ठेवत नसतो बाई."

चौक दिसतो ती खोली

मावशीला तिथे राहायला येऊन आता बरेच दिवस झाले. बाथरूमचं दार इतकं रुंद आहे की ती मुद्दाम खुर्ची फिरवून उलटी आत जाते. वहिनी येते तेव्हा दोघी खिडकीपाशी बसतात, आणि वहिनीला सकाळी कोणाला उचलायचं नसतं म्हणून तिच्या हातांना काय करावं कळत नाही. मग ती मावशीच्या वेणीला लागते.

परवा मावशीचा फोन आला.

"अगं, घंटीवाले आले होते. प्रत्येक खाटेला नवी घंटी. मला न विचारता भिंतीला खिळा मारला."

वहिनीच्या हातातला पाना थांबला. "शाफ्ट उघडला त्यांनी?"

"उघडला ना. मी दारातून बघत होते. त्या पहारेकऱ्याने जावईबापूंची दोरी आणून दिली, तिच्याने त्यांनी सरसर तार वर घेतली. हसत होते. एवढं लवकर कसं झालं म्हणत होते."

"आणि बूच?"

"ते मी कसं बघणार? तूच येऊन बघ."

ती आणि उस्ताद तसेच निघाले. तळघरापासून तिसऱ्यापर्यंत प्रत्येक दार उघडलं. तार गेली होती. जिथे तार होती तिथे तारेसाठी चीर असलेलं बूच घट्ट बसलं होतं, जिथे नव्हती तिथे आधीचंच. लेपावर छिन्नीचा एकही ओरखडा नव्हता. वहिनीने तरी प्रत्येक बूच बोटाने दाबलं, एक तर दोनदा.

खाली पहारेकऱ्याच्या खोलीत खुंटीवर दोरी लटकत होती. उस्तादने ती काढून घेतली, उलटीपालटी केली आणि वहिनीसमोर धरली.

नीट गुंडाळलेली होती. पण गाठ त्याची नव्हती. एकच वेढा, आणि टोकाला छोटं फुलासारखं काहीतरी, ओढलं की एका झटक्यात सुटणारं.

त्याने ओढून बघितली. सुटली.

"चांगली आहे," उस्ताद म्हणाला. मग तिथेच स्टुलावर बसून ती गाठ पुन्हा घालायला लागला. पहिल्यांदा जमली नाही.